हृदयभावजी आणि पाहुणा पंप

“…आता काढूनच टाकू,” डॉक्टरांचं एवढंच बोलणं एकदा डाव्या फुप्फुसकाकूंच्या कानी पडलं आणि त्यांनी लगेच शेजारच्या हृदयाला हाक मारली.

“अहो भावजी, तुमचं बिऱ्हाड उठलं हो! ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही नुसते लोळताय आणि रक्त ढकलतोय तो पाहुणा पंप. आता जागा त्याचीच!”

हृदय दचकून उठलं आणि असं धडधडा कामाला लागलं की पंपाला हातच लावू देईना.

“वा, दादा!” पंप खूश झाला. “तुम्ही उठेपर्यंतच तर मी आलो होतो.”

संध्याकाळी डॉक्टरांनी खरंच काढलं, पण पंपाला.

काकू टम्म फुगल्या. “मी म्हटलंच होतं, कुणीतरी जाणार म्हणून!”