बारा पावलांची जागा

एका जंगलात, नदी जिथे रुंद वळण घेते तिथे, एक म्हातारी कासवी राहत असे. त्या वळणावर वाळूचा मोठा ऐसपैस उतार होता. बाकीचे काठ उभे, पाय घसरला की थेट डोहात. म्हणून हरणे, रानडुकरे, लंगडा ससा, इतकेच काय पण खुद्द सिंहही याच उतारावर पाणी प्यायला येई. साऱ्या जंगलाचा तो पाणवठा. कासवीला मात्र तो आणखी एका कारणाने जिवापाड प्रिय होता. दरवर्षी थंडी सुरू झाली की ती पाण्यातून वर येई, उताराच्या माथ्यावर जांभळाचे झाड होते त्याच्यापाशी वाळू उकरी, अंडी घाली, वाळू सारखी करी आणि पाण्यात परते. मुलांनो, कासवी काही कोंबडीसारखी अंड्यांवर बसत नाही. ती पाण्यातून डोके वर काढून त्या जागेकडे पाहत राहते, आणि तिच्या नुसत्या पाहण्याने पिल्ले वाढतात, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. खरेखोटे तिलाच ठाऊक. पण त्या वर्षी बावीस अंडी घालून परतताना तिला चार वेळा थांबावे लागले. पुढच्या वर्षी आपल्याला एवढे चढणे जमायचे नाही, ही आपली शेवटचीच पिल्ले, हे तिला कळून चुकले होते.

जंगलाचा प्रधान होता कोल्हा. तो नुकताच दूरची जंगले हिंडून आला होता आणि आल्यापासून त्याला चैन पडत नव्हते. तो सिंहाला म्हणाला, "महाराज, आपल्या नदीसारखी नदी मी कुठे पाहिली नाही. आणि आपण तिचं करतो काय? नुसतं पाणी पितो! तिकडे बघा, काठाला दगडी फरशी, बसायला ओटे, मोरांचे नाच, माकडांचे खेळ. थव्याने पाहुणे येतात, वाहवा करून जातात. आपणही या पाणवठ्याचा 'पाहुणवठा' करू या." सिंहाला तो शब्द फारच आवडला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. सिंह काही वाईट राजा नव्हता. आपले जंगल चारचौघांत उठून दिसावे असे कोणत्या राजाला वाटत नाही? तो म्हणाला, "कर. पण सगळ्यांना विचारून कर." कोल्ह्याने लगेच दवंडी पिटायला बगळ्याला पाठवले.

बगळा नदीकाठी एका पायावर उभा राहून मोठ्याने सांगू लागला, "ऐका हो ऐका! पाणवठ्याचा पाहुणवठा करायचा आहे. परवा सकाळी टेकडीच्या माथ्यावर महाराजांसमोर सभा आहे. ज्याची हरकत असेल त्याने स्वतः येऊन सांगावी. सांगोवांगी चालणार नाही!" कासवीने पाण्यातून डोके वर काढले. तिने विचारले, "बगळेदादा, नदीची सभा टेकडीवर का रे?" बगळा म्हणाला, "तिथून नदी छान दिसते, आजी." माशांनी हे ऐकले आणि ते तळाशी निघून गेले, टेकडी चढणे त्यांच्या हातात नव्हतेच. कासवी मात्र त्याच पावली निघाली.

टेकडी काही फार मोठी नव्हती. हरणाला ती दोन घटकांची वाट. कासवीला तीन दिवस लागले. दगड आला की वळसा, ओघळ आला की वळसा. एकदा ती उलथी पडली आणि अर्धा दिवस तशीच पाय हलवत राहिली. शेवटी वाटेने जाणाऱ्या साळिंदराने तिला सरळ केले. चौथ्या सकाळी ती माथ्यावर पोचली, तेव्हा सभेच्या जागी गवत तुडवलेले होते आणि सिंह व कोल्हा तेवढे ऊन खात बसले होते. कोल्हा म्हणाला, "आजीबाई, उशीर केलात. सभा परवाच झाली. एकही हरकत आली नाही. एकमताने मंजूर!"

कासवीला धाप लागली होती. ती म्हणाली, "प्रधानजी, नदीत राहणाऱ्यांपैकी आलं होतं कोण?"

"दवंडी तर सगळ्यांना ऐकू गेली होती."

"ऐकू आली हो. म्हणून तर निघाले." मग ती सिंहाकडे वळली. "महाराज, तुमचा पाहुणवठा करा. मी कोण अडवणार? पण त्या उतारात माझी अंडी आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती फुटतील. त्यांच्यावर दगड बसला तर पिल्लांना वर यायला वाट नाही. तेवढी जागा सोडा."

सिंहाचे मन द्रवले. तो म्हणाला, "आजी, एवढंच ना? सोडली! जागा कुठे आहे ते नीट सांग."

"जांभळाच्या सगळ्यांत जाड मुळापासून नदीच्या दिशेने बारा पावलं."

"प्रधान, लिहून घ्या. बारा पावलं," सिंह म्हणाला. कासवीचा जीव भांड्यात पडला. तिने सिंहाला दुवा दिला, कोल्ह्यालाही दिला, आणि ती टेकडी उतरू लागली.

काम हत्तीकडे होते. हत्ती मोठा कष्टाळू आणि सांगितलेल्या शब्दाबाहेर न जाणारा. कोल्ह्याचा निरोप त्याला त्याच दुपारी मिळाला. तो जांभळाच्या मुळाशी जाऊन उभा राहिला आणि मोजून, एकही न चुकवता, नदीच्या दिशेने बारा पावले चालला. बारावे पाऊल पडले ते अगदी पाण्याच्या कडेला. तिथली वाळू त्याने मोकळी सोडली, भोवती गोल गोटे मांडले, आणि उरलेल्या उतारावर मोठमोठ्या शिळा अशा सफाईने बसवल्या की फटीत गवताची काडी शिरू नये. कोल्हा पाहून खूश झाला. गोट्यांच्या रिंगणाशी त्याने बगळ्याला उभे केले आणि बजावले, "पाहुणे आले की सांगायचं, ही कासवीआजीची जागा. आम्ही मुद्दाम राखली आहे."

कासवी टेकडी उतरून नदीवर आली तेव्हा काम पुरे झाले होते. बगळ्याने तिला मोठ्या कौतुकाने रिंगण दाखवले. तिने ते पाहिले, मग जांभळाकडे पाहिले आणि ती म्हणाली, "अरे, ही कुठली जागा? इतक्या पाण्याजवळ कुठली कासवी अंडी घालते? कुजून जातील ना! माझी अंडी तिथे वर आहेत, त्या मोठ्या शिळेखाली." बगळा गोंधळला आणि कोल्ह्याला बोलावून घेऊन आला.

कोल्ह्याने सगळे ऐकून घेतले. चूक त्याच्या ध्यानात आली नाही असे नाही. पण एक शिळा उचलायची म्हणजे शेजारच्या चार उचलायच्या, आणि पाहुण्यांना पाहुणवठ्याच्या उत्सवाची आमंत्रणे तर गेलेली. तो म्हणाला, "आजीबाई, बारा पावलं सांगितलीत, बारा मोजली. आता उत्सव होऊन जाऊ दे. पाहुणे गेले की बघू." महाराजांना यातले काही सांगायला तो गेला नाही, आणि पुन्हा टेकडी चढायचे बळ कासवीत उरले नव्हते.

पुढचे दिवस कासवीने कसे काढले ते तिचे तिलाच ठाऊक. ती पाण्यात राही आणि त्या शिळेकडे पाहत राही. कधी रिंगणातल्या वाळूवरून फरपटत वर जाई आणि शिळेवर मान टेकून पडून राही. थंडी सरली, पळस फुलून गेला, ऊन चटके देऊ लागले. उत्सवाला दोन दिवस उरले असताना तिला शिळेखालून खरखर ऐकू आली. इवल्या नखांची खरखर. ती धडपडत हत्तीकडे गेली. "बाबा रे, पिल्लं आली! वर यायला बघताहेत. दगड उचल, तुझ्या पाया पडते."

हत्तीने शिळेला कान लावला. एवढा सुपाएवढा कान, पण पलीकडे माकडे पोकळ खोडांवर नाचाचा ठेका धरून होती आणि आवाज होता फारच बारीक. "आजी, मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. तरी तो कोल्ह्याला विचारायला गेला. कोल्हा मोरांची रांग लावण्यात गुंतला होता. "दोन दिवसांवर उत्सव आला आणि तू फरशी उखडतोस? दोन दिवस थांबायला काय होतं तिला?" असे तो खेकसला. हत्ती परत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. हुकमाशिवाय त्याने कधी काडीही उचलली नव्हती.  कासवी शिळेवर जाऊन बसली, आणि खाली खरखर चालू होती तोवर ती हलक्या आवाजात पिल्लांशी बोलत राहिली.

उत्सवाच्या सकाळी पाहुणे आले. उत्तरेकडून करकोच्यांचा भलामोठा थवा उतरला. त्यांच्यात सगळ्यांत पुढे एक वयोवृद्ध करकोचा होता. सिंहाने स्वतः पुढे होऊन त्यांना सगळे दाखवले. फरशी पाहून, ओटे पाहून पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग बगळ्याने घसा साफ केला आणि पाठ केलेले म्हणून दाखवले, "ही कासवीआजीची जागा. आम्ही मुद्दाम राखली आहे."

वृद्ध करकोच्याने रिंगणात पाहिले. ओल्या वाळूत काहीच नव्हते. मग त्याने मान उंच करून इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "महाराज, जागा इथे आहे, तर आजी तिथे त्या दगडावर का बसल्या आहेत? सगळे नदीकडे बघताहेत, आणि त्या एकट्याच खाली दगडाकडे बघताहेत."

सिंह चमकला. "आजी, काय झालं? तुझी जागा सोडली ना आम्ही?"

 कासवी शिळेवरून उतरली, सावकाश जांभळाच्या जाड मुळापाशी गेली, तिथे वळली आणि नदीच्या दिशेने चालू लागली. सिंह पुटपुटत मोजू लागला. एक. दोन. तीन.  बारावे पाऊल पडले तेव्हा ती झाडाच्या सावलीतून पुरती बाहेरही आली नव्हती. ती परत त्याच शिळेवर उभी होती, आणि हत्तीचे एकच पाऊल मुळापासून तिथवर पोचले असते.

हत्तीच्या सगळे लक्षात आले. या खेपेला तो हुकमासाठी थांबला नाही. त्याने सोंड शिळेखाली घातली आणि ती उचलली.

शिळेच्या खाली वाळूला गोल खळगा पडला होता. फुटलेली टरफले तळाशी होती. बावीसच्या बावीस पिल्ले वाळू उकरत थेट वर आली होती आणि दगडाला डोके लावून थांबली होती. सगळ्यांची तोंडे नदीकडे होती. एकही हलत नव्हते. खरखर कधी थांबली ते कासवीला माहीत होते. ती आदल्या दुपारी थांबली होती.

 मोरांनी पिसारे मिटले. हत्ती शिळा तशीच उचलून धरून उभा राहिला, त्याला ती कुठे ठेवावी ते सुचेना. सिंह कासवीजवळ आला आणि म्हणाला, "आजी, चुकलं आमचं. सांग, कुणाला काय शिक्षा करू?"

"शिक्षा करून काय होणार, महाराज?" कासवी म्हणाली. "मला यांना पाण्यात नेऊ द्या. एवढीच वाट चालायची होती त्यांना."

तिने पहिल्या पिल्लाला तोंडाने हळूच पुढे ढकलले. ढकलत ढकलत, थांबत थांबत, ती त्याला शिळांवरून, रिंगणातल्या वाळूवरून पाण्यापर्यंत घेऊन गेली. मग दुसऱ्यासाठी परत वर आली. एका खेपेला किती वेळ लागत होता ते मोजायला कोणी धजले नाही. तिसऱ्या खेपेला हत्तीने मदतीला सोंड पुढे केली, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले. पाचव्या खेपेला कोल्हा सिंहाच्या कानाशी लागला, "महाराज, पाहुणे ताटकळले आहेत. नाच सुरू करायचा का?"

"थांब," सिंह म्हणाला.

वृद्ध करकोचा म्हणाला, "आम्हीही थांबतो."

आणि सगळे थांबले. सूर्य जांभळाच्या शेंड्यावरून सरकून नदीपलीकडे गेला तरी कासवीच्या खेपा चालूच होत्या. सिंह, हत्ती, मोर, माकडे, पाहुणे सारे उभे होते, आणि कोल्हाही मान खाली घालून उभा होता. बाविसावे पिल्लू पाण्यात सोडून कासवी त्याच्यामागे डोहात उतरली. तिने वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट होताच हत्ती उतारावरच्या शिळा एकेक करून उचलू लागला. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते, आणि कोणी अडवलेही नाही.

तात्पर्य : दुसऱ्याचे घर आपल्या पावलांनी मोजू नये. मोजणाऱ्याची चूक थोडी असते, पण तिच्याखाली कोणाचे तरी सगळे असते.