जांभळ्या पात्याचं धान

“म्हणजे माझी लस खोटी?”

हेमराज बांधावर उभा राहून विचारत होता. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आवाज असा चढलेला, की पाण्यातले बगळे उठून पलीकडच्या बांधीत, धानाच्या पुढच्या खाचरात, जाऊन बसले.

डॉक्टरबाबांनी मान वर केली नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून ते धान न्याहाळत होते.

हे बाबा एके काळचे मोठे डॉक्टर. खोकल्या-तापाच्या विषाणूंचा माग काढण्यात त्यांचे केस पिकले. हेमराजलाही त्यांनीच हाताला धरून शिकवलं. मग एक दिवस सगळं सोडलं आणि तलावाकाठच्या मठात येऊन राहिले. अंगावर भगवं कधी घातलं नाही, तरी लोक बाबाच म्हणू लागले. मठाचं धान तेच पाहत.

आता हेमराजचं गाऱ्हाणं काय, ते ऐका. मागे खोकल्याच्या तापानं गावंच्या गावं आडवी केली होती. म्हातारी माणसं श्वासाला महाग झाली. हेमराजनं लस काढली, पहिली सुई चारचौघांसमोर आपल्या आईला टोचली. ताप ओसरला. हारतुरे झाले. आणि या साली ताप परत आला. लस घेतलेलीच माणसं खोकू लागली. त्यांच्या घशातले नमुने तपासायला पाठवू या, असं हाताखालची डॉक्टरीण सांगून थकली. हेमराज म्हणे, काही गरज नाही, कुठंतरी लस ठेवताना गारवा कमी पडला असेल. नमुने बर्फाच्या पेटीत पडून राहिले. आता उद्यावर मोठी बैठक आली होती. तिथं हेमराज सांगणार होता, की तीच लस साऱ्या म्हाताऱ्यांना पुन्हा टोचायची.

“तुम्ही फक्त एवढं म्हणा, लस चांगली आहे. तुमच्या शब्दापुढं कोणी जाणार नाही.”

“चांगलीच आहे.”

“मग झालं तर.”

“खाली उतर.”

हेमराज चिखलाकडे बघत राहिला. बांधीत फुलवंताबाई होती, मठाच्या धानाचं निंदण तिच्याकडे. ती म्हणाली, “उतरा हो डॉक्टर. चिखल धुतला की जातो. मोठेपणासारखा चिकटून नाही बसत.”

हेमराज उतरला.

सगळी बांधी जांभळी होती. पातं जांभळं, खोड जांभळं. असं धान मुद्दाम पेरलेलं. धानातच एक तण उगवतं, त्याला रानधान म्हणतात. दिसायला हुबेहूब धान, पण पिकलं की त्याचा दाणा घरी येत नाही, हात लागताच गळतो आणि पुढच्या साली पुन्हा उगवतो. ते ओळखू यावं म्हणून जांभळ्या पात्याचं बियाणं घालायचं आणि त्यात हिरवं दिसेल ते उपटायचं.

“यात रानधान किती?” बाबांनी विचारलं.

हेमराज धानवाल्याच्याच घरचा. त्यानं या बांधापासून त्या बांधापर्यंत नजर टाकली. “एकही नाही. सगळं जांभळं आहे.”

बाबांनी हाताशी असलेली एक लोंबी तळव्यावर घेतली. तिला टिचकी मारली.

दाणे पाण्यात पडले. तळव्यावर नुसती काडी.

हेमराजनं खाली वाकून पातं पाहिलं. जांभळं. खोड पाहिलं. जांभळं…

त्यानं शेजारची लोंबी धरून हलवली. ती भरलेली राहिली. तिच्या पलीकडची हलवली. गळली.

“याला हा रंग कसा आला?”

“तू सांग. शिकलायस.”

“फुलोऱ्यात असताना धानाशी संकर झाला असेल.”

“झाला असेल. काही जांभळी निघाली असतील, काही हिरवीच राहिली असतील. उरलं कोण?”

बाबा फुलवंताबाईकडे वळले.

“फुलवंता, आजवर तू काय उपटलंस?”

“हिरवं. नेमानं, बाबा. एक काडी ठेवली नाही.”

“आणि ठेवलंस काय?”

फुलवंताबाईनं हातातल्या उपटलेल्या हिरव्या जुडीकडे बघितलं, मग बांधीकडे.

“म्हणजे याला मीच राखलं म्हणा की,” ती म्हणाली. “घ्या. इतकी वर्षं कंबर मोडली ती यासाठी.”

बाबा हेमराजकडे वळले. “हिचं चुकलं का?”

“नाही. हिनं उपटलं नसतं तर बांधीच गेली असती.”

“मग तुला कोण बोल लावतंय?”

हेमराजनं गळलेली लोंबी पुन्हा हातात घेतली. पायाखालचा गाळ हळूहळू बसला.

“एका घशात एक विषाणू थोडाच असतो,” तो म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे. “लाखो असतात. एकाचा दुसरा होताना कुठंतरी चुकतं, थोडा वेगळा निघतो. माझ्या लशीनं ओळखले ते गेले. आणि…”

“बोल.”

“ओळखता आले नाहीत ते…”

त्याची नजर फुलवंताबाईच्या जुडीकडे गेली. 

“आई कशी आहे?” बाबा म्हणाले.

“खोकते. रात्री उठून बसते.”

“तिचा नमुना?”

“…पेटीत आहे.”

बाबा पुन्हा धानाकडे वळले. एक रोप मुळापासून अलगद काढलं, लोंबी झोळीत धरली, दाणा सांडू दिला नाही.

हेमराज बांधावर चढला. चिखलाच्या हातानंच त्या डॉक्टरिणीला फोन लावला. “नमुने आजच पाठवा. सगळे. लस घेतलेल्यांचे आधी, आणि त्यातही आईचा.” पलीकडून तिनं काही विचारलं, तसा म्हणाला, “नाही, गारव्याचं काही नाही. उद्या बैठकीत मी सांगतो, हे कळल्याशिवाय तीच सुई पुन्हा टोचायची नाही म्हणून. हो, मीच सांगतो.”

फोन ठेवला. बूट उचलले, पण पाय निघेना.

“बाबा, समजा नवी लस केली. हिरवं-जांभळं सगळं बघून केली. मग तरी हे संपेल?”

बाबा पाठमोरेच होते, पुढच्या रोपावर वाकलेले.

“पुढच्या साली ये,” ते म्हणाले. “तेव्हा आम्ही हिरवं पेरलेलं असेल आणि जांभळं उपटत असू.”