कोलवण्याची बोडकी टेकडी

ही टेकडी बघा, माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट. पूर्वी ती आणखी वीस हात उंच होती आणि वर आमचा वाघोबा बसायचा, असं सांगतात.

विमानतळ पलीकडे, खाडीच्या अंगाला. तिथं पहिलं जंबो विमान यायचं ठरलं तेव्हा एक साहेब गावात आला म्हणे. "विमान दुमजली आहे. साडेतीनशे माणसं घेऊन येतं. तुमची टेकडी वाटेत येते, माथा उतरवावा लागेल."

गावाला पटेना. एसटीत पन्नास माणसं कोंबताना जीव जातो, आणि हा साडेतीनशे आभाळातून आणणार? जमीन लाटायचा डाव असणार. वाघोबाची पुजारीण सरूबाई गुरव टेकडीवर जाऊन बसली. "माणसं मी स्वतः मोजीन. तोवर अन्नाला शिवणार नाही, आणि देवाला कुणी शिवायचं नाही."

चौथ्या दिवशी विमान आलं. साहेबानं तिला शिडीपाशी उभं केलं. पण उतरलेली माणसं मागच्या दारानं परत चढवली तर? म्हणून तिनं शेंदराची वाटी नेली होती. उतरेल त्याच्या कपाळाला बोट लावायचं आणि एक चिंचोका ओटीत टाकायचा. मडमा हसल्या, एक शेठजी चिडला, पण तिनं कुणाला सोडलं नाही. ओटी जड झाली. टिळ्याचं एकही कपाळ दुसऱ्यांदा आलं नाही.

शेवटी कप्तान उतरला. त्यालाही टिळा लावून तिनं विचारलं, "आमची टेकडी तुला दिसते का रे?"

"आज दिसली, आजी. ढग असले की दिसत नाही. मागे एवढी माणसं बसलेली, आणि टेकडी कुठं आहे ते अंदाजानंच धरायचं."

सरूबाई ओटी सावरून परत फिरली. गावात येऊन म्हणाली, "वाघोबा राखणीला बसलाय. त्याच्यापायी कुणाचा जीव जायला नको." आणि देवाचा दगड तिनंच कवेत घेऊन खाली आणला.

साहेबावर मात्र तिचा भरवसा बसला नाही. ठरल्यापेक्षा वीतभरही जास्त खणू नये म्हणून सुरुंग थांबेपर्यंत ती रोज काठी घेऊन मापाला हजर असायची. माथा गेला, जमीन गावाचीच राहिली.

आजही कोलवण्यात कुणी विमानानं आलं, की वाघोबापुढं त्याला टिळा लागतो. तुम्हीही विमानानंच आलात म्हणता. या, कपाळ पुढं करा. थांबा, केस जरा मागं घ्या. आधीचा टिळा तर नाही ना, बघू द्या.