पॉलिशच्या खोलीच्या खिडक्या

"त्यांच्याच भल्याचं सांगते, तरी ते ऐकत का नाहीत, बाबा?"

सुनीती उभ्यानंच विचारत होती. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात ती नुकतीच व्यवस्थापक म्हणून रुजू झाली होती. फकीर हैदरबाबा गावाबाहेरच्या आपल्या खोपटात बसले होते. पौषातली संध्याकाळ होती.

"काय सांगितलंस?"

"पॉलिशच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असतात. आत वासानं डोळे चुरचुरतात. रजबचाचा, सगळ्यात जुने कारागीर, दिवसभर खोकत असतात. मी आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या."

"मग?"

"धूळ आली... ओल्या पॉलिशवर बसली. रजबचाचांनी तो तंबोरा पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतला. कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तर खिडक्या बंद."

बाबांची नजर उघड्या दारातून बाहेर होती.

"भांडले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली. "दुपारी सगळे गोल करून जेवतात. त्यांचं हसणं ऐकू येतं. मी माझ्या टेबलाशी डबा उघडते... कुणीतरी हाक मारेल म्हणून सावकाश जेवते."

गार वारा आत आला. बाबांनी अंग आखडून घेतलं. सुनीतीनं चटकन जाऊन दार लोटलं.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीला धरत दारापर्यंत गेले. दार सताड उघडलं आणि परत चटईवर येऊन बसले.

"थंडी वाजत होती ना तुम्हाला?"

"वाजत होती."

"मग...?"

बाबा रस्त्याकडे पाहत राहिले.

सुनीतीही पाहू लागली. रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "कुणाची वाट पाहता, बाबा?"

"कासमची. माझा गुरुभाई. रुसून गेला."

"कधी?"

"तेव्हा माझी दाढी काळी होती, बेटी."

सुनीतीनं त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं.

"मानी आहे तो. दार लावलेलं दिसलं, तर हाक मारायचा नाही. तसाच मागे फिरेल."

"येतील ते?"

बाबांनी गारठलेले हात काखेत दाबले.

सुनीतीनं अंगावरची शाल काढली. त्यांच्या खांद्यावर टाकायला वाकली... आणि थांबली.

"बाबा, पांघरू का तुम्हाला?"

बाबांनी मान डोलावली. शाल छातीशी ओढून घेतली. डोळे मात्र रस्त्यावरच होते.

तिलाही आता गारठा झोंबत होता.

"उद्या जाऊन काय सांगू मी त्यांना?"

बाबा चटईवर जरा सरकले. शेजारची जागा त्यांनी हातानं झटकली.

"सांगायचं मग बघ. आधी इथं बस. वारा इथं लागतो."