दोन तारखांचा सण

करंजगड संस्थानच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका एस्तेरबाई रणपिसे भर दरबारात उभ्या होत्या. दिवाण नरहरपंतांच्या हातात त्यांच्या बडतर्फीचा हुकूम होता. फक्त राजेसाहेबांची सही व्हायची राहिली होती.

दिवाण कडाडले, "गेल्या वर्षी या बाईंनी ईस्टरची रजा एप्रिलात घेतली, यंदा मार्चमध्ये मागतात! येशू पुन्हा उठला तो दिवस एकच ना? मग यातली खोटी रजा कोणती?"

 एस्तेरबाईंच्या घरी आंधळी आई होती आणि दुसरा आधार नव्हता. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचा सण चंद्र पाहून ठरतो, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. पण दिवाणसाहेब, सरकारांच्या वाढदिवसाच्या तोफा तुम्ही गेल्या वर्षी सप्टेंबरात उडवल्या, त्याआधी ऑगस्टात. सरकार जन्मले तो दिवस एकच ना? मग यातला खोटा वाढदिवस कोणता?"

  "ते... ते तिथीनं..." एवढंच दिवाण पुटपुटले.

राजेसाहेबांनी हुकूम मागून घेतला आणि फाडून टाकला. "बाई, रजा मंजूर. आणि दिवाणजी, त्या दिवशी तुम्हीही घरी बसून पंचांग वाचा."