घाटातला नवा नगारा

फार फार पूर्वी, घाट चढायला रस्ता एकच होता तेव्हाची ही गोष्ट. तोही एका गाडीच्या रुंदीचा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. समोरून गाडी आली तर मागे सरकायची सोय नाही, कारण बैलांना उलटं चालायला कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणून खालून मीठ घेऊन निघणाऱ्या तांड्याच्या पहिल्या गाडीवर नगारा असे. वळण आलं की तो घुमायचा. वरून उतरणारे तो ऐकायचे आणि कड्यातल्या खोबणीत गाड्या घालून थांबायचे. नगारा ऐकू आला नाही म्हणजे रस्ता मोकळा, हा घाटाचा कायदा.

त्या तांड्याच्या नाईकाच्या घरी नवी सून आली. तिचे वडील घाटमाथ्यावर नगारे मढवत. नाईकाचा जुना नगारा विरत आला होता, तेव्हा त्यांनी लग्नात नवाकोरा नगाराच आहेर दिला. निघताना लेकीला बजावलं, "पोरी, नवं कातडं नव्या बैलासारखं असतं. आधी नुसत्या तळव्यानं वाजवा. मग वाजवायच्या टिपराला फडकं गुंडाळून. ऊन दाखवा, पण भाजू नका. सैलावलं की आपणहून बोलेल. तोवर घाटात जुनाच न्या."

सुनेनं निरोप जसाच्या तसा सांगितला. सासरच्यांनी मान डोलावली आणि नगाऱ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं.

रोज संध्याकाळी ती गोठ्यात बसून तळव्यानं हळूहळू वाजवायची. आवाज गोठ्याबाहेर जात नसे.

"कातडं जनावराचंच आहे ना," नाईक विचारायचा, "की शिळ्या भाकरीचं?"

सासू सुनेला थेट काही म्हणत नसे. ती भांड्यांशी बोलायची. "काय गं कळशी, आहेरापेक्षा तुझाच आवाज मोठा!"

नवरा त्यातल्या त्यात मवाळ. तो आडून विचारायचा, "तुझ्या वडिलांनी चांगला नगारा दुसऱ्या तांड्याला तर नाही ना दिला?"

"हळू वाजवा म्हणते," सासू कळशीला म्हणाली. "माहेरचं उणं झाकायला हळूच वाजवावं लागतं."

सून तळव्यानंच वाजवत राहायची. पण संशय धुरासारखा असतो. चूल कुणाचीही असो, डोळे घरातल्या सगळ्यांचे चुरचुरतात. तिला आठवलं, वडील चामड्याच्या वादीचा तुकडाही वाया घालवत नसत. लेकीच्या नगाऱ्यातच काटकसर केली असेल तर?

एके दिवशी घरचे बाजाराला गेले. नाईक गुडघा धरून मागे राहिला. ते दिसेनासे होताच गुडघा बरा झाला. तो गोठ्यात गेला, टिपरू उचललं आणि अंगातला सगळा जोर लावून घाव घातला. "एकदाच," असं स्वतःला सांगून. कातडं कुरकुरलं, आवाज जरा मोकळा झाला. "अस्सं! मारल्याशिवाय बोलत नाही तर."

मग सासूनंही एकांत गाठला. टिपरू पुरुषांची वस्तू, म्हणून तिनं लाटणं नेलं. नवऱ्यानं बैलांना पाणी दाखवता दाखवता दोन्ही टिपरं एकदम हाणली. प्रत्येकाला वाटलं, तपासणारा आपण एकटाच.

एका संध्याकाळी सुनेच्या तळव्याखाली काठाशी घरघर लागली. ती घरघर तिला माहेरापासून ठाऊक होती. काठाशी कातडं उसवू लागलं की ती येते. तिनं घरातल्यांचे चेहरे पाहिले. सगळे तिच्याकडेच बघत होते. यांनी हात लावला नसेल, तर खोट वडिलांचीच. दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं आणि तिनंही टिपरू उचललं. खरं काय ते कळू दे म्हणून तिनं डोळे मिटून एक घाव घातला.

तांडा निघायच्या सकाळी नवा नगारा खोल घुमला. "बघा, बोलला की नाही!" म्हणत नाईकानं तोच पहिल्या गाडीवर चढवला. सून पहिल्या माहेरपणाला निघाली होती, विहिणीला भेटायला सासूही. दर ठोक्यामागे सुनेला घरघर ऐकू येत होती. ते सांगायचं तर आपला घाव सांगावा लागणार होता. तिनं पदर सारखा केला आणि दरीकडे बघत बसली.

अवघड वळणाच्या तोंडाशी कातडं फाटलं. ओलं धुणं आपटल्यासारखा आवाज आला, आणि मग तोही नाही.

"अरे, वाजव!" नाईक ओरडला.

"वाजत नाही, आबा!" नवरा टिपरं आपटत म्हणाला.

वळणाआडून बैलजोडी आली. गाडीवर सुनेचे वडील होते, लेकीला न्यायला निघालेले. बैल बुजले, जू जुवात अडकलं. माणसांनी उड्या टाकल्या. नाईकानं दोर कापून बैल वाचवले, पण मिठाची गाडी दरीत गेली आणि वडिलांचा पाय चाकाखाली आला.

लोकांनी त्यांना कड्याला टेकवून बसवलं. दात आवळून ते म्हणाले, "मी वळणावर थांबलो होतो. कान देऊन ऐकलं. माझ्या हातचा नगारा मी ओळखला असता. ऐकू आला नाही, म्हणून बैल हाकले." रस्त्यात पडलेल्या नगाऱ्यावरून त्यांनी बोटं फिरवली. "हे कुणी ठोकलं?"

सून पुढे झाली. "मी, बाबा. एकदाच."

नाईक बैलांच्या खुरांकडे बघत म्हणाला, "मीही. एकदाच."

"लाटण्यानं असं काय होतंय..." सासू पुटपुटली, आणि पहिल्यांदाच तिला बोलायला एकही भांडं मिळालं नाही. नवरा हातातल्या टिपरांकडे बघत उभा होता.

"प्रत्येकानं एकदाच," वडील म्हणाले. "पण कातडं तर एकच होतं ना रे."

नगाऱ्याच्या वाद्या ताणायला पायाचा जोर लागतो. त्या पायाला तो पुन्हा आला नाही, आणि त्यांच्यासारखं मढवणारा मुलखात दुसरा नव्हता. जुना नगाराही विरून गेला, तेव्हापासून तांड्यापुढे नाईक स्वतः चालू लागला. दर वळणाला तो तोंडाशी हात धरून ओरडे, "गाडी येतेय होऽऽ!" आणि वरून कुणी ओ देईपर्यंत अख्खा तांडा उन्हात उभा राही.

तात्पर्य : जे सबुरीनं खुलायचं असतं, ते संशयानं ठोकून बघितलं की ऐन वेळी फाटतं.