टोपलीतली बिननावाची मासळी

फार जुन्या काळी, समुद्राला अजून नकाशे नव्हते तेव्हा, एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे गाव होते. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, अशी त्या गावाची ही गोष्ट.

गावामागे टेकडी होती आणि टेकडीवर एक शंखवाला बसे. त्याची नजर लांब पोहोचे, छातीत दम होता. पश्चिमेला वादळ उठताना दिसले की तो शंख फुंकी. जवळच्या होड्या ऐकत, पुढच्यांना हाळी देत, आणि बघता बघता सगळे माघारी वळत. वळावेच लागे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता. वारा चढला की तिथे लाटा अशा फुटत की होडीचे फळकुट हाती लागू नये.

परगावचा मासळी घेणारा आला, विहिरीचे पाणी बिघडले, पायवाट खचली, तरी शंख वाजे. लोक गोळा होत आणि शंखवाला काय ते सांगे.

शंखवाल्याला मासे धरायला सवड कुठली? म्हणून गावाची एक रीत होती. किनाऱ्यावर एक टोपली ठेवलेली असे. समुद्रावरून आलेली प्रत्येक होडी तिच्यात एक मासळी टाकी. कुणी बांगडा टाकी, कुणी बोंबील. चांगुणा नावाची एक विधवा ती टोपली टेकडीवर पोहोचवी. कुठली मासळी कुणाची, हे शंखवाल्याला कधी कळत नसे. तिलाही कळत नसे.

त्या गावात मासळीचा एक मोठा व्यापारी होता. गोड बोलायचा, आणि माणूस वाईट होता असेही नाही. एकदा तो कोळ्यांना म्हणाला, "अरे, तुम्ही जीव काढून मासे धरता आणि वर त्यातले वाटता. शंखवाला माझ्या पदरी राहू दे. त्याला भात देईन, कौलारू घर देईन. तुम्हाला काही तोशीस नको."

लोक हरखले. फुकट मिळते म्हटले की माणूस फार खोलात जात नाही.

चांगुणा तेवढी म्हणाली, "मग शंख कुणाचा?"

"जो फुंकतो त्याचा! आणखी कुणाचा?" सगळे हसले. तिचा तरणाताठा मुलगाही हसला. "आई, तुझी टेकडी चढायची पायपीट वाचली. जरा सुखाने बस ना!"

चांगुणाने टोपली घरी आणली आणि कोंबडीवर पालथी घातली.

शंख पूर्वीपेक्षा झोकात वाजू लागला. बारशाला वाजे, लग्नाला वाजे, व्यापाऱ्याचे गलबत आले की तर थांबतच नसे. लोक खूश होते. मग एकदा परगावचे व्यापारी चांगला भाव घेऊन आले, पण शंख वाजला नाही. ते वाट पाहून निघून गेले. गावाला हे मागाहून कळले. लोक म्हणाले, झोप लागली असेल बिचाऱ्याला. खरे तर झोप लोकांनाच लागली होती, पण आपली झोप आपल्याला कुठे दिसते?

एके दिवशी दुपारी चांगुणा किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. समुद्रपक्षी एकाएकी जमिनीकडे येऊ लागले. हवा कोंदली. तिने टेकडीकडे कान लावला. शंख नाही. तिचा मुलगा त्या दिवशी सगळ्यांत लांब गेला होता.

ती धावत टेकडी चढली. शंखवाला शंख मांडीवर घेऊन बसला होता. पश्चिमेला आभाळ काळे होत होते.

"दिसतंय का तुला?" ती धापा टाकत म्हणाली.

"दिसतंय, वहिनी."

"मग फुंक ना रे!"

"शेठनी थोडं थांबायला सांगितलंय. गलबत अर्धं रिकामं आहे. म्हणाले, होड्यांना अजून एकदा जाळं ओढू दे, मग फुंक."

"आणि वादळ थांबणार आहे का शेठसाठी?"

शंखवाल्याची मान खाली गेली. त्याने शंख ओठांशी नेला आणि पुन्हा खाली ठेवला. "त्यांचं अन्न खातो, वहिनी. घरात पोरं आहेत."

चांगुणाला शंख फुंकता येत नव्हता. ती आली तशी खाली पळाली. व्यापाऱ्याच्या वखारीशेजारी झावळ्यांची रास होती. तिने चुलीतले जळते लाकूड आणून त्या राशीत खुपसले. धुराचा लोट उठला. गावाला आग लागली असे वाटून जवळच्या होड्या वळल्या आणि पुढच्यांना हाका मारू लागल्या. आता टेकडीवरचा शंखही वाजला, पण तोवर वारा सुटला होता.

होड्या एकेक करून आत आल्या. सगळ्यांत लांबची शेवटी आली आणि बांधावर फुटली. तिच्यातले दोघे पोहत किनाऱ्याला लागले. तिसरा आला नाही. तो चांगुणाचा मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी सगळे गाव टेकडीवर चालून गेले. शंखवाला रडत होता. "मी एकदाही खोटा शंख फुंकला नाही हो!"

"नाही फुंकलास," चांगुणा म्हणाली. "पण खरा फुंकायचा तेव्हा गप्प बसलास."

"द्या याला हाकलून!" लोक ओरडले. तेवढ्यात व्यापारी आला. त्याचाही चेहरा उतरला होता. "फार वाईट झालं. मी दुसरा चांगला शंखवाला आणतो. त्याला याच्या दुप्पट देतो."

आणि काय सांगू, काही माना होकारार्थी हलल्याही!

चांगुणाचे डोळे कोरडे होते. मुलगा गेल्याचे दुःख छातीत मावत नव्हते, पण आवाज हलला नाही. "माणूस बदलून काय होणार? नवा आला तरी शेठचाच भात खाणार. याला इथेच बसू दे. याला पोसू आपण. सगळे मिळून."

ती घरी गेली. कोंबडी हुसकून तिने टोपली घेतली, धुतली आणि किनाऱ्यावर जुन्या जागी ठेवली. तिच्या घरी आता होडी नव्हती. तिने शेजारणीकडून एक बांगडा मागून घेतला आणि टोपलीत टाकला. मग कुणाला सांगावे लागले नाही. एकेक जण पुढे झाला.

व्यापारी सुरमईने भरलेली पाटी घेऊन आला. चांगुणाने तीतली एक उचलून टोपलीत टाकली आणि पाटी परत केली. "एकच, शेठ. बाकीच्यांसारखी."

पुढे पुन्हा आभाळ काळवंडले. व्यापाऱ्याचे अर्धे भरलेले गलबत बांधाबाहेर उभे होते. शंखवाल्याने कुणाकडे पाहिले नाही, कुणाला विचारले नाही. पहिली काळी रेघ दिसताच छाती फुटेस्तोवर शंख फुंकला. होड्या आल्या, गलबतही आले. ते अर्धेच भरलेले होते, पण त्यावरची सगळी माणसे घरी जेवली. चांगुणा किनाऱ्यावर उभी राहून एकेक माणूस मोजत होती. सगळे आले, तरी ती बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. मग तिने टोपली डोक्यावर घेतली आणि टेकडी चढू लागली.

तात्पर्य : खबर देणाऱ्याला जो एकटा पोसतो, तोच कुठली खबर दडवायची हे ठरवतो, म्हणून खबर सगळ्यांची हवी असेल, तर ती देणाऱ्याला सगळ्यांनी मिळून पोसावे.